बदलाची तारीख आपण ठरवावी: लघुउद्योगातल्या मोठ्या बदलाचं आगाऊ नियोजन, पायरी पायरीने

१ ऑगस्ट २०२३, मंगळवार. रबाळे एमआयडीसीतल्या एका कारखान्याच्या दारात टेम्पो भरून उभा होता. गेट पास झाला होता, ड्रायव्हर दोनदा चहा पिऊन आला होता, पण बिल काही निघत नव्हतं. त्या दिवसापासून पाच कोटींच्या वर उलाढाल असलेल्यांना ई-इन्व्हॉइस (सरकारी पोर्टलवर नोंदवून काढायचं बिल) बंधनकारक झालं होतं आणि इथे पोर्टलवर नोंदणीच कुणी केली नव्हती. अकाउंटंट सीएंना फोन लावत होता, मालक अकाउंटंटवर चिडले होते, ग्राहकाच्या स्टोअरमधून "माल कुठाय?" अशी सारखी विचारणा सुरू होती. गाडी तिसऱ्या दिवशी सुटली.

आता हा नियम कसकसा आला ते बघा. ऑक्टोबर २०२० मध्ये तो ५०० कोटींवरच्या कंपन्यांना लागू झाला. जानेवारी २०२१ मध्ये मर्यादा १०० कोटींवर आली, एप्रिल २०२१ मध्ये ५०, एप्रिल २०२२ मध्ये २०, ऑक्टोबर २०२२ मध्ये १० आणि ऑगस्ट २०२३ मध्ये ५. जवळजवळ तीन वर्षं तो एकेक पायरी उतरत या दाराकडे येत होता. पहिल्या वर्षातच कुणी कागदावर हे आकडे मांडले असते, तर आपली पाळी येणार हे दिसलं असतं, आणि तयारी एखाद्या निवांत आठवड्यात उरकली असती.

ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या कारखान्यांत उत्पादन-नियोजनाचं काम करत मला बावीस वर्षं झाली. या काळात मी पाहिलेले बहुतेक मोठे बदल लोकांच्या गळ्यात पडलेले होते. बदल वाईट होते असं नाही. फक्त त्यांची तारीख दुसऱ्याने ठरवलेली होती, कधी सरकारने, कधी ग्राहकाने, तर कधी एखाद्या जुन्या माणसाच्या राजीनाम्याने. हातात पैसे आहेत, ऑर्डर आहेत आणि माणसं अजून टिकून आहेत, तोपर्यंत आपण बदल निवडला तर त्याचा खर्च निम्म्यावर येतो, असा माझा अनुभव आहे. पंधरा ते दीडशे माणसांच्या उद्योगात हे कसं करायचं, ते इथे लिहिते आहे.

येणाऱ्या गोष्टींची वही

सुरुवात एका साध्या वहीने करा. पानावर चार रकाने आखा: काय येतंय, साधारण कधी, आपल्या कुठल्या कामाला लागेल, आणि ते जवळ आल्याची खूण काय.

सगळ्यात वर लिहायच्या त्या तारीख जाहीर झालेल्या गोष्टी. वाहनांच्या धुराच्या नियमांत भारत स्टेज-४ वरून थेट ६ वर जायचं हे सरकारने जानेवारी २०१६ मध्ये सांगितलं आणि अंमल १ एप्रिल २०२० पासून झाला. वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्यांना चार वर्षं मिळाली होती. ज्यांनी पहिल्याच वर्षी ग्राहकाच्या डिझाइन विभागात जाऊन "आमचा कुठला पार्ट जाणार आणि कुठला राहणार?" असं विचारलं, त्यांनी नव्या डाय (पार्ट घडवायचे साचे) बनवायला घेतल्या. उरलेले पर्चेसकडून पत्र यायची वाट बघत राहिले.

मग आपल्या परिसरातल्या गोष्टी. वागळे इस्टेटमध्ये कारखान्यांच्या जागी ऑफिसं आली, ऐरोली-महापे भागात आयटी पार्क आणि डेटा सेंटर उभी राहिली. म्हणजे आयटीआय झालेल्या इलेक्ट्रिशियनला आता एसी इमारतीतली नोकरीही खुली आहे, आणि आपण त्याला काय देतो हा प्रश्न दरवर्षी अवघड होत जाणार. जानेवारी २०२४ मध्ये अटल सेतू सुरू झाला, २०२५ मध्ये नवी मुंबई विमानतळाचं उद्घाटन झालं. त्याने उलवे-पनवेलकडची भाडी, गोदामं, वाहतुकीचे मार्ग आणि माणसांच्या राहण्याच्या जागा, सगळंच हलतं आहे. तुमचे निम्मे कामगार कुठून येतात हे एकदा लिहून काढा. ऐरोली, दिघा, कळवा की पनवेल? पुढे गाळा हलवायची वेळ आली तर हाच कागद पहिल्यांदा लागेल.

ही माहिती घरबसल्या मिळत नाही. ठाणे स्मॉल स्केल इंडस्ट्रीज असोसिएशन किंवा ठाणे-बेलापूर इंडस्ट्रीज असोसिएशन यांच्या बैठकांना कुणीतरी जात राहिलं पाहिजे. ग्राहकाच्या पुरवठादार-मेळाव्याला मालकांनी स्वतः जावं. तिथे भाषणांपेक्षा जेवणाच्या टेबलावर जास्त कळतं.

आणि आता वहीतली सर्वांत महत्त्वाची नोंद, जी जवळजवळ कुणीच करत नाही: माणसांच्या निवृत्तीच्या तारखा. टूलरूममधला जो माणूस डाय नुसती हाताने चाचपून कुठे घासायची ते सांगतो, तो कधी जाणार हे पगारपत्रकात लिहिलेलं असतं. सरकारी नियम पुढे ढकलला जाऊ शकतो, माणसाचं वय ढकलता येत नाही. एका कारखान्यात मी पन्नाशीपुढच्या सगळ्यांची यादी काढायला लावली. अकरा नावं निघाली. त्यातल्या चौघांचं काम दुसऱ्या कुणालाच येत नव्हतं. मालक बराच वेळ त्या कागदाकडे बघत राहिले. तोवर त्यांच्या डोक्यात नवीन मशीन होतं. त्या दिवशी संध्याकाळी त्यांचा विचार बदलला, आणि तो बरोबर बदलला असं मला आजही वाटतं.

एकच बदल निवडा

वही भरली की मोह होतो सगळंच हाती घ्यायचा. नवं सॉफ्टवेअर, दुसरी शिफ्ट, तळोज्याला मोठा गाळा आणि निर्यातही. लहान उद्योगात मालक, एक मॅनेजर आणि दोन सुपरवायझर एवढीच विचार करणारी डोकी असतात. ती एका वेळी एकच मोठा बदल नीट पेलतात.

निवडताना मी तीन प्रश्न विचारते. हे आपण केलं नाही तर किती महिन्यांत ते आपल्यावर येऊन पडेल? ते करताना चुकलो तर धंदा सावरेल का? आणि हे केल्यावर पुढचं काही सोपं होईल का? तिसऱ्या प्रश्नावर जास्त वेळ द्या. चार जुन्या कारागिरांचं काम आठ जणांना शिकवलं, तर दुसरी शिफ्टही शक्य होते आणि गाळा हलवणंही. आधी गाळा हलवला आणि त्या प्रवासाला कंटाळून चौघे सोडून गेले, तर दोन्ही हातचं जातं.

आज काम खरोखर कसं चालतं ते बघा

ही पायरी घाईत उरकली की पुढचं सगळं ढासळतं, म्हणून इथे थोडं सविस्तर.

पत्र्याची कामं करणाऱ्या एका कारखान्यात स्टॉक कॉम्प्युटरवर आणायचं ठरलं होतं. मोठ्या ग्राहकाला दर आठवड्याला स्टॉकचा आकडा हवा होता. सॉफ्टवेअरवाल्यांचं कोटेशन आलं होतं, मालक अॅडव्हान्स द्यायला तयार होते. मी तीन दिवस मागून घेतले आणि स्टोअरमध्ये जाऊन बसले.

स्टोअर सांभाळणाऱ्यांना सगळे मामाच म्हणतात. टेबलावर कंपनीचं रजिस्टर होतं. त्यात दोन मिलिमीटरच्या पत्र्याच्या १४० शीट लिहिल्या होत्या. मी रॅकवर मोजल्या, ९७ भरल्या. मामा काही बोलले नाहीत. त्यांनी खण उघडून एक लांबट, कोपरे दुमडलेली वही काढली. निळ्या शाईत आलेला माल, लाल शाईत "उसना" गेलेला. जॉबवर्कला, म्हणजे बाहेर काम करून घ्यायला गेलेल्या आणि परत यायच्या बाकी असलेल्या २२. रात्रपाळीत प्रेसवर उचललेल्या १५. शेजारच्या गाळ्याला अडचणीत दिलेल्या ६. बेरीज ४३. मामांच्या वहीत ९७ च होत्या.

"मामा, मग स्लिप का नाही बनवत?"

"ताई, रात्री स्लिपवर सही करायला साहेब असतात का कुणी? मशीन बंद ठेवू का सकाळपर्यंत?"

कंपनीचा खरा स्टॉक मामांच्या खणात होता. त्या दिवशी सॉफ्टवेअर आणलं असतं तर १४० हा आकडा झकास रंगीत पडद्यावर दिसला असता, आणि ग्राहकालाही तोच गेला असता. आम्ही आधी दोन गोष्टी केल्या. रात्रपाळीच्या सीनियर ऑपरेटरला स्लिपवर सही करायचा अधिकार दिला, आणि जॉबवर्कच्या मालासाठी वेगळं पान सुरू केलं. महिन्याभरात रजिस्टर आणि रॅक जुळायला लागलं. सॉफ्टवेअर त्यानंतर आलं, आणि त्यात नोंदी कशा असाव्यात हे मामांनी सांगितलं.

तेव्हा बदल ठरवण्याआधी किमान तीन दिवस, त्यात एक रात्रपाळी, जिथे काम होतं तिथे जाऊन बसा. केबिनमध्ये बोलावून विचारू नका. केबिनमध्ये माणूस नियमात काय लिहिलंय ते सांगतो. लोकांच्या खाजगी वह्या, मोबाइलवरचे व्हॉट्सअॅप ग्रुप, भिंतीवर खडूने लिहिलेले आकडे शोधा. जिथे माणसाने स्वतःची सोय करून घेतली आहे, तिथे आपल्या पद्धतीत भोक आहे. त्याला रागावू नका. त्या सोयीनेच कारखाना चालू राहिला आहे.

एका पानाची योजना

मोठे अहवाल कपाटात जातात. एक पान पुरे. त्यावर असावं: काय बदलणार, का, कोणाची जबाबदारी (एकाच व्यक्तीचं नाव), कुठल्या तारखेला जुनी पद्धत बंद होणार, किती पैसे, आणि काय घडलं तर आपण थांबू. शेवटचा मुद्दा लिहायला मालक कचरतात. पण "सलग दोन आठवडे डिस्पॅच उशिरा गेलं तर थांबून दुरुस्ती करू" असं आधीच लिहून ठेवलं, की ऐन गोंधळात अहंकार आडवा येत नाही.

पान लिहून झालं की एक बैठक घ्या. गॅरी क्लाइन या मानसशास्त्रज्ञाने २००७ मध्ये मांडलेली एक रीत आपल्याकडे छान चालते. सगळ्यांना सांगायचं: समजा, पुढची दिवाळी आली आहे आणि आपला हा बदल पार फसला आहे. का फसला, ते प्रत्येकाने पाच मिनिटांत लिहा. नाव घालू नका. एरवी साहेबांसमोर मान डोलावणारी माणसं इथे मनातलं लिहितात, कारण योजनेला विरोध केल्यासारखं वाटत नाही. एका चिठ्ठीवर फक्त एवढंच होतं: "नवीन मशीनसाठी लोड मंजूर आहे का?" नव्हतं. विजेचा वाढीव भार नाही म्हणून मशीन येऊन महिनोन्महिने झाकून पडलं असतं.

पैशांचं गणित

कोटेशनमधला आकडा हा खर्चाचा एक भाग असतो. जुनं आणि नवं दोन्ही एकत्र चालतं तेव्हा दुप्पट काम, ओव्हरटाइम, शिकताना वाया जाणारा माल, मंदावलेलं उत्पादन आणि त्यामुळे उशिरा निघालेली बिलं, हे सगळं त्यात नसतं. माझा ठोकताळा असा: जेवढं कोटेशन, तेवढेच पैसे बाजूला ठेवल्याशिवाय सुरुवात करू नये. आणि बँकेच्या कॅश क्रेडिटची (रोजच्या खर्चासाठीच्या कर्जाची) मर्यादा आधीच काठोकाठ वापरलेली असेल, तर बदलाच्या आधी वसुलीचं काम हाती घ्या.

वसुलीसाठी एक धागा हाताशी आहे. सूक्ष्म आणि लघु उत्पादक-सेवा उद्योगांचे पैसे मुदतीत, लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत, दिले नाहीत तर खरेदीदाराला तो खर्च त्या वर्षीच्या उत्पन्नातून वजा करता येत नाही, तो प्रत्यक्ष पैसे देतो त्या वर्षीच मिळतो. ही तरतूद आयकरात २०२४-२५ या निर्धारण वर्षापासून आली. तुमचं उद्यम प्रमाणपत्र (लघुउद्योग म्हणून सरकारी नोंदणीचं) ताजं आहे का ते बघा आणि त्याची प्रत बिलासोबत जोडा. १ एप्रिल २०२५ पासून लघुउद्योगाची मर्यादा यंत्रसामग्रीत २५ कोटी आणि उलाढालीत १०० कोटी झाली आहे, त्यामुळे पूर्वी मध्यम गटात गेलेले काही उद्योग पुन्हा लघु गटात बसतात.

तारीख कुठली धरायची

इथे आपलं कॅलेंडर पुस्तकातल्या कॅलेंडरपेक्षा वेगळं आहे. मार्च वर्षअखेरीचा. एप्रिल-मे लग्नं आणि गाव. गणपतीला कोकणातली माणसं जाणार, त्यांना कुणीही अडवू शकत नाही आणि अडवूही नये. दिवाळी आणि छठला उत्तरेकडची मंडळी जातात, काही जण होळीलाही. या दिवसांत नवी पद्धत सुरू केली तर अर्धे लोक शिकतात, अर्धे परत आल्यावर जुन्याच पद्धतीने काम करतात, आणि दोन्हींची खिचडी होते.

उरतात दोन खिडक्या. एक पावसाळ्याची, जून मध्यापासून गणपतीच्या आठवडाभर आधीपर्यंत. या काळात लोकल उशिरा येतात, माल भिजायची भीती असते, म्हणून मशीन हलवणं नको. पण शिकवणं, नोंदी लावणं, स्टॉक मोजणं यासाठी ती उत्तम. दुसरी छठनंतर माणसं परतल्यापासून फेब्रुवारीच्या सुरुवातीपर्यंत. जागा बदलणं, मशीन बसवणं, शिफ्टची नवी वेळ, हे सगळं या खिडकीत. छठपासून उलट मोजत या, म्हणजे मशीनची ऑर्डर कधी द्यायची ते कळतं.

लोकांना सांगणं

सुपरवायझर सगळ्यात आधी. त्यांना आणि हेल्परला एकाच सभेत एकाच वेळी कळलं, तर सुपरवायझर दुखावतो, आणि दुखावलेला सुपरवायझर काही न बोलता बदल बुडवू शकतो. त्याच्याशी आधी दोनदा बसा. दुसऱ्यांदा, कारण पहिल्या वेळी तो फक्त ऐकून घेतो.

मग सगळ्यांना. मराठीत आणि हिंदीत, तुम्ही स्वतः, शिफ्ट सुटताना नव्हे तर सुरू होताना. लोकांच्या मनात तीनच प्रश्न असतात: माझी नोकरी राहील का, ओव्हरटाइम कमी होईल का, आणि मला जमेल का. पहिल्या दोहोंची उत्तरं आकड्यांत द्या. अनेक घरांचे कर्जाचे हप्ते ओव्हरटाइमवर चालतात. नव्या मशीनने ओव्हरटाइम जाणार असेल तर ते लपवू नका. किती महिने कसा भरून काढणार, ते ठरवूनच सभेला उभे राहा. तिसऱ्या प्रश्नाला सभेत उत्तर नसतं. पंचावन्न वर्षांच्या माणसाला बावीस वर्षांच्या पोरासमोर टॅब्लेट हातात देऊ नका. त्याला वेगळं, आधी, त्याच्या वेळेने शिकवा.

कायद्याचं विसरू नका. पाळीच्या वेळा, पगाराची रचना अशा सेवाशर्ती बदलायच्या असतील तर कामगारांना २१ दिवस आधी नोटीस द्यावी लागते. चार नव्या कामगार संहिता नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाल्या, त्यातही ही नोटीस आहे. युनियन असो वा नसो, कामगार कायद्याच्या सल्लागाराला पान आधी दाखवा.

लहान तुकड्यावर करून बघा

मुंबईतले घाऊक बाजार वाशीला आले ते एका रात्रीत आले नाहीत. कांदा-बटाट्याचा बाजार आधी आला, फळं आणि भाजी १९९६ मध्ये. एवढं अवाढव्य काम तुकड्या-तुकड्यानेच पार पडू शकतं, आणि कारखान्यालाही तोच न्याय लावावा.

एक मशीन, एक ग्राहक किंवा एक शिफ्ट निवडा. सर्वांत सोपी नको आणि सर्वांत अडचणीचीही नको. तिथे चार ते सहा आठवडे चालवा. जुनी नोंद आणि नवी नोंद दोन्ही ठेवा, पण दुहेरी काम कधी संपणार ती तारीख पहिल्याच दिवशी फळ्यावर लिहा. ती नसेल तर लोक दोन्ही कायम करत राहतात आणि नव्याला शिव्या घालतात. रोज सकाळी दहा मिनिटं उभ्या-उभ्या बोला: काल काय अडलं, कोण सोडवणार.

मोजायला तीन आकडे पुरेत. डिस्पॅच वेळेवर गेलं का, नापास माल किती, आणि ज्याचं काम बदललं तो किती वाजता घरी गेला. तिसरा आकडा मी आग्रहाने ठेवते. बदलाचा भार कुणाच्या अंगावर पडतोय ते तिथेच दिसतं.

जुनं दार बंद करणं आणि पुढची तारीख

ठरलेल्या दिवशी जुने फॉर्म, जुनी रजिस्टरं टेबलावरून उचला आणि दप्तरात जमा करा. ती हाताशी राहिली तर पहिल्या अडचणीच्या दिवशी माणूस तिकडेच वळतो. मामांनी स्वतःची वही दिली नाही, आणि मी मागितली नाही. तीन महिन्यांनी त्यात शेवटची नोंद किती तारखेची आहे एवढंच विचारलं. दोन महिने जुनी होती. म्हणजे नवी पद्धत त्यांनी खरी मानली होती.

त्यानंतर दर तीन महिन्यांनी पुन्हा पहिल्या वहीकडे या. मालक, मॅनेजर, सुपरवायझर आणि शॉप फ्लोअरवरचा एक माणूस, दरवेळी नवा. दोन तास, फोन बाहेर. जे घडून गेलं ते खोडा, नवं दिसतंय ते लिहा, निवृत्तीच्या यादीवर एक नजर टाका आणि कुणाचं काम आता कितीजणांना येतं तो आकडा बदला. उठण्याआधी पुढच्या बैठकीची तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर पेनाने लिहा.